माझा आहे, परत द्यावा

विहिरीच्या पाण्यातून सकाळी वाफ दिसायला लागली की आमच्याकडे गुलाबाचे दिवस सुरू होतात. छाटणी होऊन दीड महिना झालेला असतो. लाल कोंब हिरवे होतात, त्यांना कळी धरते, आणि मग माघ संपेपर्यंत पाठ टेकायला फुरसत नसते. लोक म्हणतात नाशिकची थंडी छान. थंडी छान असते ती रजईतल्या माणसाला. दवात फुलं काढणाऱ्याची बोटं बधिर होतात. त्या बोटाला काटा लागला तर लगेच समजत नाही. ऊन वर आलं, हात गरम झाले, की मग ठणकतो.

मी चौथीपर्यंत शिकले. त्यानंतर मला लिहायचं काम पडलं ते फोटोंच्या पाठीवर.

आमच्या भावकीत लग्नाचा अल्बम घरात राहत नसे. तो फिरायचा. आधी नवरीच्या माहेरी, मग मामाकडे, मग आत्याकडे, मग सगळ्या वस्तीत. कापडी पिशवीतून जायचा आणि दोन-चार महिन्यांनी परत यायचा तो दात पडलेल्या म्हातारीसारखा. मधले मधले कप्पे रिकामे. ज्याला आपला फोटो आवडला त्याने काढून घेतलेला. ह्याला चोरी म्हणायची पद्धत नव्हती. विचारायला गेलं तर लोक म्हणायचे, तोंड माझं, मग फोटो तुझा कसा? म्हणून मी प्रत्येक फोटोमागे पेन्सिलीने लिहायला लागले: माझा आहे, परत द्यावा. एकही परत आला नाही. पण माझं अक्षर त्यामुळे टिकलं.

वंदना ही माझी थोरली मुलगी. शाळेत शिकवते, शहरात राहते. मागच्या हिवाळ्यात तिच्या मनात आलं की सगळ्या नातेवाइकांचे अल्बम एकदा गोळा करायचे आणि कॉम्प्युटरमध्ये भरायचे. तिने एक चपटी पेटी आणली होती. फोटो तिच्यात पालथा ठेवायचा, झाकण लावायचं, आतून उजेडाची पट्टी सरकते आणि फोटो पडद्यावर येतो. मग एक सॉफ्टवेअर ते सगळे सांभाळतं, सालाप्रमाणे लावतं, आणि एका माणसाचे फोटो कुठे कुठे आहेत ते स्वतः शोधून एकत्र करतं. झालं की सगळ्यांच्या घरी एकेक सीडी द्यायची. मग कोणी कोणाचा अल्बम रिकामा करायला नको. कल्पना चांगली होती. तिला मी आजही दोष देत नाही.

नाताळच्या सुट्टीत ती पिशव्या भरून अल्बम घेऊन आली आणि कॉम्प्युटरही आमच्याच घरी मांडला. तीन हजारांवर फोटो निघाले. इतकी वर्षं प्लॅस्टिकला चिकटलेले, ओढताना चर्र आवाज करणारे. मी ते सोडवायची, ती पेटीत ठेवायची.

पहिल्याच दिवशी घोटाळा झाला. त्या सॉफ्टवेअरला फोटो काढला कधी ते कळत नव्हतं, पेटीत ठेवला कधी तेवढंच कळत होतं. त्यामुळे माझ्या सासूबाईंची पंचाहत्तरी, वंदनाचं बारसं आणि माझ्या बहिणीच्या नातवाचं जावळ, सगळं एकाच डिसेंबरात झालेलं दिसलं. सासूबाई असत्या तर म्हणाल्या असत्या, बरं झालं, एकाच मांडवात उरकलं.

मग सालं मी सांगायला लागले. माणसांकडे बघून साल सांगता येत नाही. फोटो काढायचा म्हटलं की माणूस सोंग घेतो, दुसऱ्याची साडीसुद्धा नेसतो. मी माणसांच्या मागे बघायची. मागे झेंडू आहे म्हणजे विहीर खोल करायच्या आधीचं. मागे पत्र्याची पडवी आहे म्हणजे एक्याण्णवनंतरचं. गुलाबाची काडी गुडघ्याएवढी आहे म्हणजे त्र्याण्णव, कमरेएवढी म्हणजे पंच्याण्णव. वंदना म्हणाली, आई, तू तर कोपरा न् कोपरा बघतेस. मला त्याचा अभिमान वाटला. आता हे वाक्य आठवलं की हसू येतं, पण चांगलं नाही.

कारण एक फोटो असा होता ज्याचा कोपरा मी कधीच बघितला नव्हता.

पंच्याण्णव सालच्या हिवाळ्यात शहरात फुलांचं प्रदर्शन भरलं. त्याचा अर्ज वंदनाने आणला आणि तिनेच भरला. ती तेव्हा नववीत होती. बाग कोणाची, ह्या रकान्यात तिने माझं नाव लिहिलं. मी सांगितलं नव्हतं. काम कोण करतं ते बघून तिने लिहिलं. मी एक काडी निवडली, बाजूच्या कळ्या नखाने खुडल्या आणि मधली एकच ठेवली. पाकळीला दवाचा डाग पडू नये म्हणून तिच्यावर वहीच्या कागदाची टोपी घातली. रोज सूर्य वर आला की टोपी काढायची, मावळायच्या आत घालायची. काही बायका म्हणतात आम्ही फुलांशी बोलतो. त्यांना फुलं बाजारात न्यायची नसतात.

पहिलं बक्षीस मिळालं. स्टेजवर बोलावलं. पाहुण्यांनी कप दिला आणि वर हात पुढे केला. मी कप काखेत धरला आणि हात मिळवला. दोन्ही हात गुंतल्यावर डोक्यावरचा पदर कोण सांभाळणार, तो खांद्यावर आला. तेवढ्यात फोटोवाल्याने दिवा चमकवला. फोटोची एकच प्रत मिळाली, आणि मी नेहमीसारखं मागे लिहिलं: माझा आहे, परत द्यावा.

आमचे हे खाली उभे होते. घरी येताना कप त्यांनीच धरला. फाट्यावर उतरल्यावर चार माणसांना हाक मारून दाखवला. मला वाटलं, माणूस खूश आहे. पुढे फुलबाजारात व्यापारी त्यांना विचारायला लागले, आज बाईंचा माल आणला का? हे स्वतःच जेवताना सांगायचे. म्हणायचे, "आता आम्ही बाईंचे हमाल." आणि हसायचे. मी भाकरी वाढायची. बोटं बधिर असतील तेव्हाचं मी वर लिहिलंच आहे.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी तो फोटो बायकांना दाखवला. माझी धाकटी जाऊ शेवंता त्या बायकांत होती. तिचं घर बांधापलीकडे, मधे सामायिक विहीर, बांधातून दोन पावलांची वाट. सून म्हणून आली तेव्हा तिची पहिली भाकर मी थापायला शिकवलेली. ती फोटो बघून म्हणाली, बक्षीस गुलाबाला दिलं का अक्काला? बायका एकमेकींना फोटो दाखवून खूप वेळ हसल्या. जरा जास्तच हसल्या. मीही हसले. हे ओट्यावर बसून फुलांच्या जुड्या बांधत होते. दुसऱ्या दिवशी शेवंताने फोटो माहेरी दाखवायला मागितला. मी नाही म्हटलं. चार दिवसांनी फोटो अल्बमात नव्हता.

दोन दिवस शोधला. ह्यांनी माझ्याबरोबर शोधला. हे मला नीट लिहायचं आहे. त्यांनी लोखंडी पेटी ओढून भिंतीपासून लांब केली आणि मागे हात घातला. धान्याच्या कोठीवरची गोणपाटं एकेक करून झटकली. गादीच्या खोळीत कोपरापर्यंत हात घालून चाचपलं. धुळीने त्यांना शिंका आल्या. शेवटी ओट्यावर बसून पाणी प्यायले आणि म्हणाले, "घरात असता तर सापडला असता." शेवंताचं नाव त्यांनी घेतलं नाही. ते मी घेतलं.

विहिरीवर धुणं चाललं होतं. चार बाया होत्या. मी शेवंताला सगळ्यांसमोर म्हटलं की फोटो नेलास तो नेलास, खोटं तरी बोलू नको. तिच्या लग्नाच्या अल्बमापासूनचं सगळं काढलं. तिने पोरांच्या गळ्याची शपथ घेतली. मी म्हटलं, कागदाच्या तुकड्यासाठी पोरांना मधे आणणारी बाई काय लायकीची असते ते दिसलं. ती धुणं तसंच ओलं बादलीत घालून निघून गेली.

त्या संध्याकाळी मी बांधातल्या वाटेत बाभळीची फांदी टाकली. पावसाळ्यात फांदी कुजते, काटे गळतात. म्हणून दर वर्षी छाटणी झाली की नवी टाकायची. चौदा हिवाळे ती वाट बंद होती. शेवंताच्या मुलीच्या लग्नाला मी गेले नाही. तिचा नवरा वारला तेव्हा गेले, बायकांच्या मागे बसले आणि न बोलता उठून आले.

दर वर्षीची ती फांदी तोडून कोण आणायचं? हेच. कोयता घेऊन ओढ्याकडे जायचे, चांगली काटेरी बघून आणायचे, वाटेत नीट बसवायचे. मी कधी सांगायला विसरले तर आठवण करायचे. पाच वर्षांपूर्वी ते गेले. त्यानंतर फांदी मी स्वतः तोडली.

आता मागच्या हिवाळ्यावर येते. माझी धाकटी बहीण कमल सिन्नरला असते. तिचे तीन अल्बम वंदनाने आणले होते. त्या अल्बमांत एका कप्प्यात दोन फोटो पाठीला पाठ लावून घातलेले असतात. वंदनाने एका कप्प्यातून फोटो ओढले ते तीन निघाले. मधला आधी तिला पालथाच दिसला. तिने तो माझ्यापुढे धरला आणि म्हणाली, "आई, हे तुझं अक्षर आहे ना?"

माझा आहे, परत द्यावा.

उलटा केला. कप, पाहुणे, खांद्यावरचा पदर. माझ्या मनात पहिला विचार कोणता यावा? शेवंताने हा कमलपर्यंत कसा पोचवला? इतक्या वर्षांची खात्री अशी एका मिनिटात सुटत नाही.

मी कमलला फोन लावला. ती हळू आवाजात म्हणाली, "दाजींनी आणून दिला होता, ताई. ठेवतेस का फाडू, म्हणाले. मी म्हटलं, फाडू नका, द्या."

मी विचारलं, मला का नाही सांगितलंस?

"तुझ्या संसारात मी काडी टाकू का?"

मी विचारलं, आणि शेवंता? त्यावर कमल म्हणाली, त्या भानगडीचं मला काय माहीत. हे खोटं होतं. दर भाऊबीजेला आम्ही बहिणी माहेरी भेटायचो. मी शेवंताला चोरटी, घरबुडवी, काय काय म्हणायची, आणि कमल शेजारी बसून तुरीच्या शेंगा सोलायची आणि म्हणायची, हो ना, असतात एकेक माणसं. तेरा-चौदा भाऊबीजा. फोन ठेवताना ती म्हणाली की मी जपला म्हणून तर आज तो आहे. ते खरं आहे. खरं आहे म्हणून जास्त राग येतो.

सुट्टी संपायच्या आदल्या दिवशी वंदना सगळ्यांचे चेहरे लावत बसली होती. ते सॉफ्टवेअर प्रत्येक फोटोतून चेहरे चौकोनात कापून काढतं आणि ओळीने मांडतं. ह्यांची ओळ मोठी झाली होती. तरुणपणचे, टोपीतले, बिनटोपीचे, आजारपणातले. ओळीच्या शेवटी एक अंधुक चौकोन होता आणि त्याला खात्री नव्हती म्हणून ते विचारत होतं, हेच का ते? वंदनाने तो मोठा केला. तो माझ्या बक्षिसाच्या फोटोतला होता.

त्या फोटोत ते आहेत हे मला माहीतच नव्हतं. हातात होता तेव्हा मी फक्त मला आणि कपाला बघितलं होतं. डावीकडे खाली, स्टेजच्या पायरीजवळ, टाळ्या वाजवणाऱ्या माणसांत ते उभे होते. ते टाळ्या वाजवत नव्हते. त्यांच्या हातात माझ्या चपला होत्या.

मग आठवलं. स्टेजवर चढताना मी चपला पायरीशी काढल्या होत्या. नव्या होत्या, कोणी नेईल म्हणून त्यांनी उचलून घेतल्या असतील. मी सांगितलं नव्हतं. आपणहून उचलल्या. आणि मग नाव पुकारलं, टाळ्या झाल्या, दिवा चमकला, आणि बायकोच्या चपला छातीशी धरलेला माणूस कायमचा फोटोत बसला. चेहऱ्यावर राग असता तर बरं झालं असतं. बाजारात आपली पाटी पडून राहते आणि शेजारच्याची पाटी उचलली जाते, तेव्हा माणूस जसा बघतो तसे ते माझ्याकडे बघत होते.

संक्रांतीला बायका कशाला हसल्या तेही तेव्हाच कळलं. ओट्यावर त्यांना ते हसणं ऐकू गेलं असेल.

वंदनाच्या डोळ्यांत पाणी आलं. मी तिला म्हटलं, रडायचं असेल तर पडवीत जा, इथे फोटो भिजतील. चपलांचं मला वाईट वाटतं, ते मी नाकारत नाही. मला त्यांनी सांगितलं असतं की हा फोटो मला सहन होत नाही, तर मी चिडले असते, चार दिवस बोलले नसते, आणि मग कात्रीने तो कोपरा कापून टाकला असता. फोटो अर्ध्या इंचाने लहान झाला असता. एवढंच नुकसान होतं. पण मी विहिरीवर शेवंताची अब्रू काढली तेव्हा ते घरात होते. ऐकत होते. त्यानंतर नऊ वर्षं कोयता घेऊन फांदी आणत राहिले. चपलांबद्दल माफ करता येतं. फांदीचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही. मेलेल्या माणसाशी भांडता येत नाही, आणि त्यांनी ते गृहीतच धरलं होतं बहुतेक.

दुसऱ्या दिवशी मी फांदी उपसून बाजूला टाकली आणि त्या वाटेने शेवंताकडे गेले. ती अंगणात फुलं निवडत होती. मी फोटो तिच्यापुढे ठेवला आणि कुठे सापडला ते सांगितलं. तिने बघितला. बोट कोपऱ्यावर ठेवलं आणि म्हणाली की ह्या चपला तिला तेव्हाच दिसल्या होत्या, सगळ्यांनाच दिसल्या होत्या. आणि परत फुलं निवडायला लागली.

मी म्हटलं, तुला माहीत होतं का, कोणी नेला ते?

"पहिल्या साली नाय कळलं. दुसऱ्या साली भाऊजी फांदी घेऊन आले, माझ्याकडं बघंचनात. तवा कळलं."

मग तेव्हाच का नाही बोललीस, असं मी विचारलं. त्यावर तिने पहिल्यांदा मान वर केली.

"अक्का, तुम्ही मला इचारलं कधी? तुम्ही तर सांगितलं. आन् तुमच्या नवऱ्याचं नाव घेतलं असतं, तर तुम्ही विहीर बी बंद केली असती."

केली असती. मी खोटं कशाला बोलू.

माझं चुकलं, असं मी म्हटलं. शब्द तोंडातून निघाला तेव्हा फार लहान वाटला. ती म्हणाली, माल बाजारात जायचा आहे, गाडी येईल. चहा विचारला नाही. मीही थांबले नाही.

ते सॉफ्टवेअर अजून विचारतं. वंदना सुट्टीला आली आणि कॉम्प्युटर उघडला की तो अंधुक चौकोन समोर येतो: हेच का ते? हो म्हटलं की तो बाकीच्या दोनशे फोटोंत जाऊन बसेल, लग्नातल्या आणि जत्रेतल्या हसऱ्या चेहऱ्यांच्या ओळीत. नाही म्हटलं की पुसला जाईल. वंदना म्हणते, आई, काहीतरी एक सांग. मी सांगत नाही. एवढ्या घरात विचारणारं ते एकटंच निघालं, तर विचारू दे.

यंदा छाटणी झाली आणि मी फांदी टाकली नाही. वर्षभर वाट मोकळी आहे. मला वाटलं होतं, एखाद्या दिवशी शेवंता विहिरीवरून सरळ इकडे येईल. ती आली नाही. येते ती सडकेनेच, वळसा घालून, हळदीकुंकवाला आल्यासारखी येते आणि जाते.

आज सकाळी कळ्या बघायला गेले, तर वाटेत बाभळीची फांदी होती. ताजी, ओली, काटे आमच्या बाजूला करून नीट बसवलेली. पलीकडून टाकली आहे.

मी हात लावला नाही. गुरं येतात म्हणून टाकली असेल. किंवा आता तिची पाळी आहे, म्हणून. मागची चौदा वर्षं मी असली गोष्ट बघितली की मला लगेच सगळं कळायचं.

फुलांची गाडी गेली की मी सडकेने शेवंताकडे जाणार आहे. तिला विचारणार आहे.